मायचा उजळ केलेला फोटो

सिनेमाचा कॅमेरामन म्हणून मला जगात लोक ओळखतात ते अंधाराबद्दल. परदेशातल्या ज्या पुरस्कारानं माझं नाव झालं, तो देताना परीक्षक म्हणाले होते, सावळ्या माणसांचे चेहरे इतक्या कमी उजेडात इतके जिवंत आम्ही पाहिले नव्हते. मी मान डोलावली. ही सगळी विद्या एका माणसावरच्या रागातून आलेली, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

तो माणूस नांदेडचा, लग्नाचं शूटिंग करणारा, माझा पहिला मालक. कॅमेरा धरायला मी त्याच्याकडेच शिकलो आणि नवरीच्या तोंडावर हॅलोजन मारायलाही. तिचा मळवट घामानं ओघळायचा, डोळे मिटायचे, तरी हा ओरडायचा, "अजून मार! पोरगी काळी दिसली तर घरचे भांडायला येतेत." उरलासुरला सावळेपणा तो नंतर व्हिडिओच्या मिक्सिंगमध्ये पुसून काढायचा. त्याच्या सीड्यांमध्ये साऱ्या जिल्ह्याच्या नवऱ्या एकाच आईच्या लेकी वाटायच्या. मला त्या कामाची किळस आली आणि मी सोडून गेलो.

मी सावळा, माय माझ्याहून काळी. सिनेमाचं शिक्षण संपवून स्वतःचा कॅमेरा घेतला तेव्हा हदगावला घरी जाऊन पहिला फोटो तिचाच काढला. संध्याकाळी ती दारात तूर निवडत बसली होती. मी दिवा लावला नाही. दारातून येईल तेवढाच उजेड तिच्या गालावर. त्याहून चांगलं मी आजतागायत काही टिपलेलं नाही, आणि हे मी मिरवायला नाही, वैतागून सांगतोय. मोठा करून, फ्रेम करून तिला दिला. तिनं बघितला, पदरानं काच पुसली, पुन्हा बघितला. मला वाटलं, भरून आलं असेल.

माय गेली तेव्हा मी परदेशात शूटिंगमध्ये अडकलो होतो. पोचलो तो थेट पहिल्या पुण्यस्मरणाला. मांडवात बुद्धमूर्तीशेजारी, मेणबत्त्यांच्या मागे, फ्रेममध्ये एक गोरीपान बाई होती. गुलाबी गाल, जरीची साडी, गळ्यात मायनं जन्मात न घातलेली बोरमाळ, पाठीमागे कुठलासा धबधबा. नाकडोळे तेवढे माझ्या फोटोतले.

भन्तेंची वंदना संपेपर्यंत मी दातओठ खात बसलो. मग थोरल्या भावाला गाठलं.

"दादा, माझा फोटो कुठाय?"

"ह्योच की. तुजा काळा आला व्हता, मग नीट करून घेतला."

काळा आला होता! मी तिथंच त्याच्यावर तोंड सोडलं. मेल्यावर तरी तिला तिच्या रंगात राहू द्यायचं होतंत, लाज कशी वाटली नाही तुम्हाला, असं बरंच काही. जेवायला बसलेली माणसं वळून बघायला लागली. भावानं सगळं ऐकून घेतलं.

"मी न्हाई केलं बाबा," तो म्हणाला. "तू फोटो देऊन गेलास अन् मायच बसनं नांदेडला घेऊन गेली. तुज्या त्या जुन्या मालकाकडं. साडी, बोरमाळ, समदं तिनंच सांगितलं. तुला कळू देऊ नको म्हणली, लई वाईट वाटंल त्याला."

"पण का?"

त्यानं सतरंजीची दुमडलेली कड पायानं सरळ केली.

"म्हणली, दुनियेच्या लेकीबाळीवर ह्यानं उजेड पाडला, अन् मलाच अंधारात बसवलं."