तपासलं : सु. घरत

संगणकावर शीट उघडली की घरतबाई आधी पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर एक पुठ्ठा चिकटवत. जुन्या कॅलेंडरच्या पाठीचा, तळहाताएवढा. विजेच्या प्रत्येक नकाशाच्या त्या कोपऱ्यात एक चौकट असते. प्रकल्पाचं नाव, आवृत्ती, काढलं कुणी, तपासलं कुणी, मंजूर कुणी केलं, हे सगळं तिच्यात. आम्ही तिला टायटल ब्लॉक म्हणायचो, बाई नुसतं चौकट. ती झाकली की पडद्यावर बोट ठेवून वीज येते तिथपासून शेवटच्या पंपापर्यंत त्या तार न् तार चालत जात.

"बाई, हे काय नवीन?" मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं.

"सायेब, चौकट आदी बगली का डोला झोपतो. काडनारा मोठा मानूस हाय, मंग बरोबरच असंल, असा वाटतो."

"आणि माझी शीट असली तर?"

"तवा दोन पुठ्ठं लावते."

तुर्भ्याच्या त्या कंपनीत मी विद्युत विभागाचा प्रमुख होतो, शीट मंजूर करणारा, आणि बाई ड्राफ्ट्समन, नकाशे काढणाऱ्या-तपासणाऱ्या. आयटीआय करून लागलेल्या, जासईच्या. घरची बोली त्यांनी ऑफिसातही सोडली नाही. डब्यात सुकट असली की आधी खिडकी उघडून जाहीर करत, "ज्याला तरास हाय त्यानं खाली जावाचा." नवे इंजिनियर त्यांच्या बोलण्याला हसत. मग त्यांच्याच शीटवर बाईंच्या लाल पेनाच्या खुणा उमटत आणि हसू थांबे. न पाहिलेल्या शीटवर 'तपासलं'च्या रकान्यात बाईंनी कधी नाव घातलं नाही. म्हणत, "चौकटीन नाव म्हंजे तारेवर हात."

हे सगळं मी कौतुकानं लिहितो आहे. पण बाईंविषयी जे लिहायला हवं, ते पुढं आहे.

एका पंपिंग स्टेशनचं काम होतं. एकशे चौसष्ट शीट. काम संपता संपता ग्राहक कंपनीचं नाव बदललं, म्हणजे सगळ्या चौकटी बदलायच्या. शिवाय हा शेवटचा संच. जागेवर जे प्रत्यक्ष बसवलंय तेच त्यात हवं. बाई एकेक शीट जागेवरच्या नोंदींशी ताडून पाहत होत्या. एकसष्ट झाल्या आणि पुतणीच्या हळदीसाठी त्या दोन दिवस रजेवर गेल्या. दुसऱ्या दिवशी ग्राहकाचा फोन आला, संच आज चारपर्यंत पाहिजे.

मी बाईंच्या खुर्चीत बसलो. कोपरा दिसेना म्हणून पुठ्ठा काढून बाजूला ठेवला. नकाशांच्या प्रोग्रॅममध्ये चौकटीतला मजकूर एकदाच भरायचा, कोणते रकाने बदलायचे त्यावर खुणा करायच्या आणि बटण दाबायचं. सगळ्या शीट एकदम बदलतात. नाव, आवृत्ती, तारीख यांवर खुणा केल्या. 'तपासलं' रिकामं ठेवलं असतं तर ग्राहकानं संच परत केला असता. मी तिथं 'सु. घरत' लिहिलं आणि बटण दाबलं. बाईंनी न पाहिलेल्या एकशे तीन शीटवर त्यांचं नाव चढलं, तेव्हा माझा चहा अजून गरम होता.

बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या नखांत हळद होती.

"सायेब, माजा नाव कुनी टाकला?"

"घाई होती हो. तुम्ही तपासा, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू."

"पुडची नको. हीच परत मागवा."

परत मागवायची म्हणजे आम्ही संच न तपासता पाठवला, असं ग्राहकाला लिहून द्यायचं. मी लिहिलं नाही. तीन दिवसांनी बाईंनी अठ्ठ्याऐंशी नंबरच्या शीटची प्रत माझ्यापुढं ठेवली. सात नंबरच्या पंपाची वीज नकाशात पहिल्या पॅनलमधून होती, जागेवर ती दुसऱ्यात हलवलेली होती. लाल पेनानं सगळं स्वच्छ दाखवलेलं.

"आज पाठवा, सायेब."

"हो," मी म्हणालो आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

पुढच्याच आठवड्यात पंपिंग स्टेशनवरच्या वायरमननं ती शीट बघून पहिल्या पॅनलचा स्विच बंद केला आणि सात नंबरच्या पंपाची पेटी उघडली. टेस्टर लावायला हवा होता, हे चौकशीत सगळे म्हणाले. त्यानं लावला नव्हता. त्याचे दोन्ही हात भाजले.

चौकशी काचेच्या केबिनमध्ये झाली. शीट टेबलावर होती. "हे नाव तुमचं?" बाईंना विचारलं.

"नाव माजाच हाय," बाई म्हणाल्या आणि माझ्याकडं पाहत राहिल्या.

लाल खुणांचा कागद भिंतीपलीकडं माझ्या ड्रॉवरमध्ये होता. मी टेबलाकडं पाहत म्हणालो, "मंजूर करणारा तपासणाऱ्यावर विसंबूनच सही करतो. आपली पद्धतच आहे." पद्धत खरी होती. तिच्याआड मी लपलो.

बाहेर आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "मी बोलली असती त सबब झाली असती. तुमी बोलला असता त खरा झाला असता. मी वाट बगली." त्याच महिन्यात त्यांना काढलं. जाताना त्यांनी पडद्यावरचा पुठ्ठा तेवढा सोडवून नेला.

तो कागद मी घरी आणला. नेरूळच्या फ्लॅटमध्ये कपाटावर तो गुंडाळून पडला होता. फाडवत नव्हता, दाखवता येत नव्हता. बायको गेली, तिलाही कळलं नाही की त्या गुंडाळीत काय आहे. घराला रंग देताना कामगारानं ती खाली काढली, तर मी त्याच्यावर ओरडलो.

बारा वर्षांनी जासईला गेलो. बाई ओट्यावर बसल्या होत्या. रस्त्यावरून कंटेनरचे ट्रेलर जात होते, ओटा हादरत होता. मी कागद पुढं केला. बाईंनी कोपऱ्यावर तळहात ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं सगळी शीट शेवटपर्यंत वाचली.

"मी लावलेल्या खुना बरोबर हाईत. पन ही मना कशाला दावतां? दत्ताला दावा."

"कोण दत्ता?"

बाईंनी वर पाहिलं. "बारा वर्सं झाली, सायेब. त्याचा नावपन म्हाईत नाय?"

त्या आत गेल्या आणि तोच पुठ्ठा घेऊन आल्या. मागं पत्ता लिहून दिला. नावड्याचा होता. नेरूळहून तासाभराची वाट. तरी पत्ता घेऊन मी चार महिने बसलो. तेवढ्यात बाई गेल्याचं कळलं.

त्यांचं बारावं झाल्यावर मी नावड्याला गेलो. दत्तानं मनगटानं पडदा सारला. बोटं आत वळलेली होती. मी शीट जमिनीवर पसरली आणि एका दमात सांगून टाकलं, की बाईंनी ही तपासली नव्हती, त्यांचं नाव मी घातलं, त्यांनी चूक दाखवली आणि मी कागद दाबून ठेवला.

दत्तानं वाकून कोपऱ्यातलं नाव वाचलं. "बाई दरसाल दिवाळीला यायच्या," तो म्हणाला. "मी विचारायचो, तुमच्या हातून असं झालं कसं? तर म्हणायच्या, एक जण येणार आहे, त्याला विचार."

त्यानं वळलेल्या बोटांनी शीटचा उजवा कोपरा माझ्याकडं सरकवला.

"बाईंचं नाव खोडा. तुमचं लिहा. मला पेन धरवत नाही."

मी खोडलं. आणि लिहिलं.