गोल्फच्या मैदानाची सावड

आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षं मी गोल्फचं मैदान सांभाळण्यात घालवली आणि गोल्फ एकदाही खेळलो नाही. कोणी विचारलंच तर सांगायचो, की ज्याला गवत कापावं लागतं त्याला त्यावर फिरायची हौस उरत नाही. लोक हसायचे. मी काही हसवायला बोललेलो नसायचो.

नाशकाच्या त्र्यंबककडच्या अंगाला आमचं मैदान होतं. मालकी एका कमिटीची, पण पावती फाडून कोणीही खेळावं असा नियम. त्यामुळे सकाळी डॉक्टर, वकील आणि कारखान्यातले साहेब, दुपारी गवळ्यांच्या म्हशी, संध्याकाळी क्रिकेटवाली पोरं. सगळ्यांना मैदान आपलंच वाटायचं आणि सगळ्यांच्या तक्रारी मात्र माझ्या एकट्याच्या. गोल्फच्या खड्ड्याभोवती मऊ हिरवळ लागते म्हणे. आमच्याकडे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मारामार, हिरवळ कुठून आणणार? आम्ही वाळूत गाड्यांचं जळकं तेल कालवून खड्ड्याभोवती गोल थापायचो. त्या तेलाचा वास अंगाला असा बसला होता की बायको माझे कपडे कायम वेगळ्या बादलीत भिजवायची.

हाताखाली सहा माणसं होती. सगळी हरसूलकडची, एकाच पाड्यावरची, मैदानाच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांत राहणारी. त्यांच्यातली सर्वांत वयस्क बाई होती, तिला सगळे थोरली म्हणत. मी तिला मावशी म्हणायचो. ती मला भाऊ म्हणायची आणि अरे-तुरे करायची. त्यांच्याकडे देवालाही अरे-तुरेच, तिथे माझं काय! माणसं कष्टाळू होती. तेल थापायचं, दगड वेचायचे, गाजरगवत मुळासकट उपटायचं, कशालाच नाही म्हणायची नाहीत. एकच अडचण होती. आषाढ लागला की सगळी भाताच्या आवणीला गावी जायची. चिखलात रोपं लावून झाली की परत. आणि गवत नेमकं तेव्हाच कमरेपर्यंत यायचं. ढकलायचं मशीन काळ्या मातीत रुतून बसायचं, नाक्यावरून आणलेली माणसं गाजरगवतानं हात सुजले की तिसऱ्या दिवशी गायब व्हायची. मग पंधरा ऑगस्टच्या स्पर्धेला साहेब लोक गवतात चेंडू शोधत फिरायचे आणि मी त्यांच्या मागे मान खाली घालून. दरवर्षी हेच. मी या सगळ्याला विटलो होतो.

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा कमिटीला नवे सेक्रेटरी मिळाले. शिस्तीचा माणूस. जूनमध्येच त्यांनी मला बोलावून सांगितलं, की यंदा स्पर्धेच्या वेळी गवत वाढलेलं दिसलं, तर गावी गेलेल्यांपैकी एकालाही परत कामावर घ्यायचं नाही. सहाच्या सहा नवे भरायचे.

मी संध्याकाळी खोल्यांकडे गेलो. चुली पेटलेल्या होत्या. मी साहेबांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. नोकरी जाईल हे त्यांना कळलं होतं, आणि रोप वाट पाहत नाही हेही ठाऊक होतं. वर्षाचा भात त्या पंधरा-वीस दिवसांवर होता. थोरलीनं चुलीत लाकूड सारलं आणि म्हणाली, "भाऊ, वावर तुझं, गवताची काळजी तुला. मग तू सावडीला ये. तू आमच्याकडं लाव, आम्ही तुझ्याकडं कापू."

सावड म्हणजे काय ते मला ऐकून माहीत होतं. आज सगळ्यांनी मिळून तुझ्या शेतात राबायचं, उद्या माझ्या. मजुरी नाही, फक्त ज्याचं शेत त्यानं जेवू घालायचं. मला आधी चेष्टाच वाटली, पण ती चेष्टा करत नव्हती. तिच्या हिशोबी मैदान माझंच वावर होतं, आणि ज्याचं वावर त्यानं स्वतः यायला हवं होतं. मी रजा टाकली. बायको म्हणाली, घरात पाण्याची बादली उचलत नाही, निघाले भात लावायला.

एसटीनं हरसूलला उतरून पुढे चिखलातून चालत पाड्यावर गेलो. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून वाकलो. रोपाची जुडी डाव्या हातात, उजव्यानं दोन-तीन काड्या चिखलात खोचायच्या आणि मागे मागे सरकायचं. दुपारपर्यंत कंबर माझी राहिली नव्हती. माझी ओळ पाहून बाया इरल्याखाली तोंड लपवून हसत होत्या. थोरली म्हणाली, की हे रोप दारू पिऊन उभं राहिलंय. रात्री नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी खाऊन मी जो आडवा झालो, तो सकाळी कोणीतरी हलवलं तेव्हाच उठलो. असे दिवस काढले. माझ्यामुळे किती काम उरकलं कोण जाणे, फारसं नसावं. पण मी आलो होतो, एवढं त्यांना पुरलं.

आणि आवणी उरकल्यावर ते आले. आमचे सहाच नव्हे, अख्खा पाडा आला. ज्यांच्या ज्यांच्या वावरात मी वाकलो होतो ते सगळे आपापले विळे घेऊन एसटीतून उतरले. रांग धरून बसले आणि एका टोकापासून गवत कापत निघाले. दोन दिवसांत मैदान असं झालं, की खड्ड्यातलं निशाण रस्त्यावरून दिसावं. बायकोनं आधी मला बोलून घेतलं, मग शेजारणीकडून मोठं पातेलं आणून सगळ्यांना पुरेल एवढं पिठलं केलं. त्या दोन दिवसांत मी खरंच खूश होतो. इतक्या वर्षांत ते मैदान मला पहिल्यांदा आपलं वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेक्रेटरीसाहेबांची जीप आली. त्यांनी कापलेलं गवत पाहिलं, विळे घेतलेली माणसं पाहिली, आणि समाधानानं मान हलवली. मग म्हणाले, "दोन दिवसांत होतं ना हे? मग वर्षभर सहा माणसं कशाला पोसायची? तीन ठेवा. पावसाळ्यात अशी बाहेरून आणत जा."

मी काय सांगणार होतो? ही माणसं मजुरीनं आलेली नाहीत, मी यांच्या शेतात राबून आलोय म्हणून आलीत, हे? पगारी माणूस कमिटीला न विचारता बाहेरची माणसं फुकट राबवतो म्हटल्यावर सहाही गेले असते आणि सातवा मी. तरी बोललो, की बाकीचं वर्ष तिघांना झेपणार नाही. साहेब म्हणाले, झेपेल. जीप निघून गेली. ज्या कामानं सहाजणांची नोकरी वाचवायची होती, त्याच कामानं तिघांची घालवली. मला त्या वेळी राग आला नाही. अंगात त्राणच नव्हतं.

खोल्यांकडे जाऊन सांगितलं. कोणी जायचं ते थोरलीनंच ठरवलं. पोरंबाळं लहान असलेले तिघं राहतील, म्हणाली, आणि जाणाऱ्यांत स्वतःला धरलं. मी म्हणालो, मावशी, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत आणि मी तुमची नोकरी घालवली. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. विळा पिशवीत ठेवत म्हणाली, "तू आलास, आम्ही आलो. फिटलं."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एका शब्दानं तिनं मला मोकळं केलं आणि परकंही केलं.

वर्ष कसंबसं गेलं. तिघांना झेपलं नाही, हे सांगायला नकोच. मी स्वतः तेल थापायला लागलो, मशीन ढकलायला लागलो. परत आषाढ आला. उरलेल्या तिघांनी बोचकी बांधली. मी अडवलं नाही. चार दिवसांनी बायकोला त्र्यंबकला जाऊन येतो म्हणून सांगितलं आणि त्र्यंबकला उतरलोच नाही, हरसूलपर्यंत गेलो.

थोरली गुडघाभर चिखलात होती. मला पाहून कंबर धरून सरळ झाली.

"तुझं गवत ऱ्हायलं का?" तिनं विचारलं.

म्हटलं, गवत राहिलंय, पण त्यासाठी नाही आलो. मला कोणी बोलावलेलं नव्हतं, आणि मैदान साहेबांचं ठरल्यावर त्यांना परत बोलवावं असं वावरही माझ्याकडे नव्हतं. हे तिला कळलं असावं. तिनं रोपांची एक जुडी माझ्या हातात दिली आणि पलीकडच्या बांधाकडे बोट दाखवलं.

"तिकडून लाग," ती म्हणाली. "आन् औंदा सरळ लाव."