सिनेमातला चुडा

चौसाळ्याच्या पुढच्या माळावर पुण्याची मंडळी सिनेमा काढायला आली, तेव्हा गाव घाबरेल अशी त्यांची अपेक्षा होती. गोष्टच तशी होती. निजामाशी झालेल्या लढाईत एक शिपाई पडतो आणि भूत होऊन बायकोकडे परत येतो. पण गावाने भुताला पहिल्याच दिवशी पारावर बसवून भजी खाऊ घातली. तोंडाला राख फासलेला तो नट दिसला की पोरंटोरं सोडाच, सरपंचसुद्धा फोटोला उभे राहत.

अडलं ते बायकोपाशी. गावातलीच बाई हवी, असा दिग्दर्शक रविराजचा हट्ट. पण नवरा जिवंत असताना कपाळ पुसायला एकही सवाष्ण तयार होईना. शेवटी सगळ्यांनी वत्सलाबाईंचं नाव पुढे केलं. शेळ्या राखून पोट भरणारी बाई. नवरा बंकट जाऊन कैक वर्षं झालेली. तिचं आता काय पुसायचं उरलंय, असा गावाचा सरळ हिशोब.

हिशोब चुकला, कारण गोष्ट कुणी पुरती ऐकलीच नव्हती. शिपाई मरण्याआधी जिवंत असतो, आणि तोवर त्याच्या बायकोला कुंकू लागतं, हिरवा चुडा लागतो. पुण्याहून आणलेल्या बांगड्या वत्सलाबाईंच्या राबलेल्या हातात चढेनात, म्हणून नेकनूरचा कासार बोलावला. त्याने हात दाबून दाबून चुडा भरला आणि वत्सलाबाईंनी जुन्या सवयीने त्याला वाकून नमस्कार केला. मग मान वर करायला त्यांना अंमळ वेळ लागला. बरं वाटलं होतं त्यांना, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली.

झालं, आता मात्र गाव भ्यालं. भुताच्या मांडीला मांडी लावून चहा पिणारी माणसं वत्सलाबाई दिसल्या की वाट बदलू लागली. धाकटा दीर शिवशंकर शूटिंगवर येऊन म्हणाला, "वैनी, लोक काय म्हणतेल?"

"लोक भुतासंगं फोटू काढायलेत. त्येंला कोण काय म्हणतंय?"

दुसऱ्या दिवशी चुडा फोडायचा प्रसंग होता. रविराजने दगड मांडून दिला. वत्सलाबाई हात उचलून तशाच थांबल्या.

"तुमचा शिपाई मेल्यावर बी घरी येतोय नव्हं? मंग मी कावून फोडू? माझा आला न्हाई. तवा फोडल्या, अन् त्या बी मला न इचारता."

रविराज हरखला. "मावशी, हेच परत बोलाल? कॅमेरा बंद होता."

"बोलले की येकदा," म्हणून त्या शेळ्यांकडे निघून गेल्या.

संध्याकाळी शिवशंकर उंबऱ्यात येऊन उभा राहिला. सिनेमाचं सिनेमापुरतं, आता बांगड्या उतरवा, नाहीतर या घरात तुमच्या हातची भाकरी कुणी खाणार नाही. वत्सलाबाई भाकरी थापतच होत्या. धमकी पोकळ नव्हती, आणि हे घर सुटलं तर त्यांना दुसरं घर नव्हतं. परातीवर बांगड्या वाजत होत्या. तेवढ्यात बाजेवर पडलेल्या सासूबाई, दगडाबाई, हलल्या. म्हातारीला हल्ली पोटचा पोरगाही ओळखू येत नसे. बांगड्यांच्या आवाजाच्या रोखाने तोंड करून त्या म्हणाल्या, "वत्सला, बंकट आला का गं?"

वत्सलाबाईंचा हात पिठावर तसाच राहिला, डोळे भरून आले.

"भावजी," त्या हळूच म्हणाल्या, "आत्याबाईला तुमीच सांगा, त्ये न्हाई आले म्हून. मंग काढते."

शिवशंकरने आईकडे बघितलं. मग चुलीपाशी पाट ओढून बसला आणि म्हणाला, "वाढा भाकर."