रुसव्यावर लंघन

माझ्या पहिल्या दिवाळसणाला सासरी सगळे पोटभर जेवले, फक्त जावई सोडून.

महायुद्ध संपून थोडीच वर्षं झाली होती. मी कर्जतच्या शाळेत चित्रकला शिकवायचो. वैशाखात लग्न झालं आणि आषाढात बायको, सुशीला, माहेरी चौक गावी गेली. तोवर आमचं धड बोलणंही झालं नव्हतं. (घरात पाहुणेच इतके, की आपली बायको कुठली हे ओळखू आलं तरी पुष्कळ.) भाऊबीज झाली की तिला आणायचं ठरलेलं. कर्जतला लागूनच भिसेगावात दोन खोल्या घेतल्या, चूल मांडली, कंदील आणला. आता त्या घरात फक्त ती यायची राहिली होती.

निघताना काकांनी बजावलं, लग्नात रुसला नाहीस, आता तरी रुस. अंगठी आल्याशिवाय फराळाला हात लावू नकोस. आणि का रुसलो हे आपण सांगायचं नसतं, त्यांनी ओळखायचं असतं! रुसण्यात काकांचा हात धरणारं आमच्या घराण्यात कुणी नव्हतं.

पण माझे सासरे नाना हे वैद्य, ही गोष्ट काकांच्याही ध्यानात आली नव्हती. नानांना तीन मुली. सुशीला थोरली, म्हणजे मी पहिलाच जावई. रुसलेला जावई त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. अन्नावर वासना नसलेली माणसं मात्र रोज त्यांच्या ओसरीवर बसलेली असत.

नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झालं आणि पुढ्यात ताट आलं. चकल्या, कडबोळी, लाडू, अनारसे. मी छातीवर दगड ठेवून ते दूर सारलं आणि आढ्याकडे पाहत बसलो. सासूबाई घाबरल्या. नाना आले, मनगट धरलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "पोटात न पचलेला आम साठलाय. ताट उचला, आज लंघन."

मी तोंड उघडेपर्यंत ताट स्वयंपाकघरात पोचलं होतं!

दुसऱ्या दिवशी माझी नाडी मंद लागली. उपाशी माणसाची लागणारच. नाडी मंद म्हणून लंघन वाढलं, आणि लंघन वाढलं तशी नाडी आणखी बसली. जोडीला किराइताचा काढा. (तो इतका कडू, की अंगठीच काय, मी स्वतःचं नावही विसरलो.) नजरेसमोर असावा म्हणून नानांनी मला ओसरीवर रोग्यांच्या रांगेत बसवलं. शेजारच्या शेतकऱ्यानं आपुलकीनं विचारलं, "पावनं, तुमाला काय व्हतंय?"

"काही नाही."

"मंग जेवत का नाय? मी तर आजपासून जेवाया लागलो," असं म्हणून सासूबाईंनी दिलेला बेसनाचा लाडू त्यानं माझ्या डोळ्यांदेखत सावकाश संपवला.

आता हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण संध्याकाळी नानांनी निकाल दिला. जावयांची प्रकृती फार नाजूक आहे. मुलीला इतक्यात धाडण्यात अर्थ नाही. जावयांनीच महिनाभर इथं पथ्यावर राहावं, मग पाहू. ती नवी चूल, तो कंदील, सगळं डोळ्यांपुढे आलं. पण आता सांगायचं तरी काय? मी धडधाकट आहे, फक्त अंगठीसाठी तोंड फुगवून बसलोय, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

पाडव्याला सुशीला मला ओवाळायला आली. निरांजन फिरवता फिरवता हळूच म्हणाली, "आजारी आहात, की रुसलात?"

बायको माझ्याशी आपण होऊन बोललेलं हे पहिलं वाक्य.

"रुसलोय," मी पुटपुटलो.

तिनं तबक खाली ठेवलं आणि मागे वळून सरळ म्हणाली, "नाना, यांना काही झालेलं नाही. हे रुसलेत."

त्या काळी नवऱ्याविषयी वडिलांसमोर असं बोलायचं म्हणजे केवढी छाती लागायची! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. नानांनी पुन्हा माझी नाडी पाहिली. (रुसव्याची नाडी पूर्वी कधी हाताला लागली नव्हती, म्हणून वेळ लागला.) मग ते इतके हसले, की ओसरीवरचे रोगी डोकावून पाहू लागले. सासूबाईंनी धावत पान मांडलं, पुरणपोळ्या आल्या, आणि नाना समोर बसून म्हणाले, "जावईबापू, चूक आमची. मागा, काय हवं ते मागा."

सगळं घर माझ्याकडे पाहत होतं. दाराआड सुशीला उभी होती. मी घास गिळला आणि म्हणालो, "आमटी."

ती वाढून झाल्यावर जरा जिवात जीव आला, तेव्हा म्हणालो, "आणि हिला पाठवा."

नानांनी दोन्ही दिलं, हात आखडता न घेता. त्या माणसाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. भिसेगावातल्या त्या दोन खोल्यांत तिनं मला जे सुख दिलं, त्याला तोड नाही. फक्त घरी कुणी नवं माणूस आलं, की चहाचा पेला पुढे करत ती न चुकता सांगते, "यांनी माझ्या वडिलांजवळ दोनच गोष्टी मागितल्या. त्यातली मी दुसरी."