जपून ठेवलेला तक्ता

फुकट दिलेल्या वस्तूला लोक किंमत देत नाहीत, ही गोष्ट साऱ्या रत्नागिरीत एकाच माणसाला ठाऊक नसेल, आणि ते म्हणजे माझे भावोजी. ताईचे यजमान. सगळी हयात अतिदक्षता विभागात काढलेले हे डॉक्टर घरी आले की खुर्चीत टेकायच्या आधी कात्री मागतात. मग पाण्याची बाटली कापायची, आत फुगा बांधायचा, झालं फुप्फुस. ताईची चहाची गाळणी मूत्रपिंड म्हणून गेली ती गेलीच. एका साखरपुड्यात त्यांनी नवऱ्यामुलाचा हात हाती घेऊन "नखं जरा निळसर वाटतात" असं सांगितलं, तेव्हापासून त्या घरचं आम्हाला आमंत्रण नाही.

हा सगळा खटाटोप खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांतल्या सिस्टरांसाठी. अत्यवस्थ माणूस मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत काय करायचं, याचे ते एका पानाचे तक्ते करतात. चित्रं माझी, कारण मी मांडवीच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली. मजकूर दारावर येणाऱ्या मासेवालीला वाचून दाखवायचा, तिला कळला तरच पक्का. ती एकदा माझं चित्र निरखून म्हणाली, "समाजला वो डॉक्टर, पन ह्यो मानूस जिता हाय ना?" तक्त्यावर नाव घालायला भावोजी तयार नसत. "नाव घातलं की लोक परवानगी मागत बसतात. छापा, वाटा, माझं काय जातंय?" मी त्यांना पुष्कळ सांगितलं की हे पालथ्या घड्यावर पाणी आहे. त्यांच्या एका तक्त्यावर मी स्वतः कांदाभजी खाल्लेली आहेत.

विंचवाचा तक्ता मात्र मी जीव ओतून केला. नांगीचा सांधा न् सांधा, लाल रंगाच्या तीन छटा. खाली भावोजींच्या चारच ओळी: हातपाय गार, दरदरून घाम, तर ही गोळी लगेच, सलाईन जपून, छातीत घरघर आहे का पाहा, गाडी बोलवा. माझ्या हौसेने मी तो लॅमिनेटही करून दिला.

गेल्या वर्षी एका आंब्याच्या बागेत कुंपणाच्या गडग्याचे दगड रचताना एका बाईला विंचू चावला. जवळच्या दवाखान्यात गोळी होती, तक्ताही होता. पण ड्यूटीवरची सिस्टर पंधरा दिवसांपूर्वी आलेली. तिने घाबरून सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या लावल्या. बाई भावोजींच्या विभागात पोचली तेव्हा छातीत पाणी भरलं होतं. संध्याकाळपर्यंत ती गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या दवाखान्यात गेलो. जुन्या सिस्टरनी कमरेच्या किल्लीने कपाट उघडलं. स्वच्छ टॉवेलात गुंडाळलेला माझा विंचू बाहेर आला. "खराब होऊ नये म्हणून ठेवलेला सर," त्या रडत म्हणाल्या, "साहेब तपासणीला आले की लावतो. किती छान काढलाय ओ!" नव्या सिस्टरने तो त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

परतताना गाडीत भावोजी एवढंच म्हणाले, "तुझा विंचू फार देखणा झाला गं." त्यात दोष देणं नव्हतं, म्हणून मला जास्त लागलं. मी घरापर्यंत रडत आले. फुकटाला किंमत नसते म्हणून मी त्यांना हिणवत होते, आणि त्या बाईचा जीव गेला तो त्या कागदाला नको इतकी किंमत आल्यामुळे.

आता मी हलक्यातल्या हलक्या कागदावर जाड पेनाने ओबडधोबड चित्रं काढते. आयुष्यभर मुलींच्या वह्यांवर 'स्वच्छ काढा' लिहिलं, तो हात अजून मुद्दाम बिघडत नाही. भावोजी प्रत्येक तक्त्यावर चहाचा कप टेकवून गोल डाग पाडतात आणि मगच वाटतात. परवा मी त्या दवाखान्यात गेले होते. औषधांच्या टेबलावर नवा तक्ता खिळ्याने ठोकलेला होता, आणि कोपऱ्यात कुणीतरी गॅसवाल्याचा नंबर लिहिला होता. भावोजींना सांगितलं. "म्हणजे रोज बघतात," ते म्हणाले. हसले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी कात्री मागितली.

तो जुना विंचू सिस्टरनी मला परत दिला. टाकून द्यायला हात होत नाही, भिंतीवर लावायचा धीर नाही, आणि कपाटात तर मी तो ठेवणारच नाही. आजही तो तसाच टेबलावर पडून आहे.