जाते म्हणू नये

चुका काढायचा मला पगार मिळतो. अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासते. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम कुठे फसतो ते शोधायचं आणि त्यांना शांतपणे सांगायचं, हे माझं काम. ऑफिसात मला शांतपणे सांगणं जमतं. घरी जमत नाही, याला माझा नवरा आणि मुलगी साक्षीदार आहेत.

मुलगी सिनेमे काढते. इथे कॅरीत जन्मली, इथेच वाढली आणि शिकून वेस्ट कोस्टला गेली ती तिथलीच झाली. 'सिनेमे काढते' असं मी आज सरळ लिहितेय खरी. इथल्या मराठी मंडळात कुणी विचारलं की बरीच वर्षं मी 'मीडियात आहे' म्हणायचे. मीडिया म्हटलं की लोक पुढे खोदून विचारत नाहीत.

तिचा पहिला सिनेमा कॉलेजात असतानाचा, छोटासा. स्कूल बसचा एक म्हातारा ड्रायव्हर शेवटच्या स्टॉपवर, 'उद्या येतो' म्हणून उतरलेल्या एका मुलाची वाट बघत थांबतो आणि ते मूल काही येत नाही. बघून झाल्यावर मी तिला फोन केला. माझं पहिलं वाक्य होतं, "बसमधलं घड्याळ आधी चार दाखवतंय आणि मग पावणेचार." ती म्हणाली, "थँक्स, आई. नोटेड." दुसरी डॉक्युमेंटरी होती. आमच्याच राज्यात पूर्वेकडे तंबाखूची जुनी कोठारं आहेत, तिथल्या एका आजींची. त्यांचा मुलगा पुढच्या सुगीला येतो म्हणून शिकागोकडे गेला, त्याला जन्म लोटला. मला त्यात आवाज नीट ऐकू आला नव्हता, तेही मी कळवलं. तिसरा मोठा, दोन तासांचा. डोंगरातल्या एका ट्रक थांब्यावरची वेट्रेस, आणि दर रविवारी फोनवर "निघालोच" म्हणणारा तिचा नवरा. त्याला बक्षीस मिळालं. पेपरात लिहून आलं की ही दिग्दर्शिका वाट बघणाऱ्या माणसांचे सिनेमे करते. ते वाचून मी नवऱ्याला म्हटलं, "हिला दुसरा विषय सुचत नाही का रे?"

तिचं मराठी कच्चं आहे, असं मी सगळ्यांना सांगायचे. त्यातही मला सगळ्यात खुपायचं ते तिचं 'जाते'. घरातून निघताना आपल्यात 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात, आणि दारात उभं असलेलं माणूस 'ये' म्हणतं. एवढी साधी गोष्ट मी तिला बालवाडीपासून शिकवत आले. शाळेला निघताना, कॉलेजला निघताना, विमानाला निघताना ती म्हणायची, "जाते, आई." मी म्हणायचे, "जाते म्हणू नये. येते म्हण." ती तशीच बाहेर पडायची. पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणून मी दार लावून घ्यायचे.

मागच्या वर्षी तिने फोन करून विचारलं, "आई, आबांचे शूज आहेत अजून?" आबा म्हणजे माझे वडील. ती चार वर्षांची असताना ते नागपूरहून आमच्याकडे सहा महिने राहायला आले होते. आयुष्यभर चपला घातलेला माणूस, त्यांना आम्ही इथे चालायला पांढरे बूट घेऊन दिले. जाताना त्यांनी ते गॅरेजमधल्या रॅकवर ठेवले, म्हणाले, "इथेच राहू देत, पुढच्या वेळी लागतील." पुढची वेळ आली नाही. त्याच हिवाळ्यात ते तिकडे वारले, आणि मला तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलं होतं.

"आहेत," मी म्हटलं.

"यू स्टिल हॅव देम?"

"जागा आहे म्हणून आहेत. दान करायचेत. काम झालं की परत पाठव."

नव्या सिनेमात आबा आहेत, हे मला तेव्हा कळलं. आबा आहेत म्हणजे आपण सगळेच आहोत, एवढं मात्र मला सुचलं नाही.

या वसंतात जवळच्याच एका युनिव्हर्सिटीच्या थिएटरने शनिवार-रविवार तिचे सगळे सिनेमे लावले. रविवारी दुपारी नवा, आणि नंतर तिच्याशी गप्पा. आता मीडिया म्हणून भागणार नव्हतं. मी मंडळाच्या ग्रुपवर स्वतः आमंत्रण टाकलं, हौसेने इस्त्रीची पैठणी नेसले आणि तिसऱ्या रांगेत बसले. शेजारी मंडळातल्या काकू होत्या. काकू मूळच्या पुण्याच्या, आमच्या इथली रविवारची मराठी शाळा त्यांनीच सुरू केली. माझ्या मुलीला बाराखडी त्यांनीच शिकवली.

सिनेमा सुरू झाला आणि पडद्यावर आमचं घर उभं राहिलं. एक आजोबा घरामागच्या लाकडी डेकच्या कठड्यावर आपली पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी वाळत घालतात. शेजारीण तक्रार करते. मग स्वयंपाकघरात एक बाई आपल्या बापाला दबक्या आवाजात म्हणते, "आबा, इथे असं चालत नाही, आम्हाला लाज आणता तुम्ही." वाक्य माझंच होतं, दबका आवाजही माझाच. लोक हसले. मंडळीही हसली. घरातली धुणी चव्हाट्यावर धुणं म्हणतात ते आमच्या बाबतीत अक्षरशः खरं झालं होतं. मी पदर सारखा करत बसले. नवऱ्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

शेवटी विमानतळ. आजोबा वाकून नातीच्या डोक्यावर हात ठेवतात आणि म्हणतात, "येतो हं, बाळा." खाली इंग्रजी अक्षरं उमटली. त्यांचा अर्थ होता, 'मी परत येईन.' त्यानंतर ती छोटी मुलगी रोज गॅरेजच्या पायरीवर पांढऱ्या बुटांशेजारी बसते. दार उघडं, पुढे रस्ता. ऋतू बदलतो. ती बसलेलीच. सिनेमा तिथे संपतो.

काकू माझ्या कानाशी वाकल्या. "भाषांतर चुकलं गं तिचं. येतो म्हणजे नुसता निरोप. शाळेत शिकवलं होतं मी."

माझे कान तापले. चड्डीपासून साठलेली सगळी लाज आता या एका चुकीवर येऊन बसली. चूक असली की मला हायसं वाटतं, कारण चुकीचं काय करायचं ते मला येतं.

गप्पा सुरू झाल्या. पुढे बसलेल्या एका अमेरिकन गृहस्थांनी विचारलं, "तुमच्या प्रत्येक सिनेमात कुणीतरी परत येण्याचा शब्द देतं आणि मोडतं. का?" मुलगी उत्तर द्यायला तोंड उघडते तोच मी हात वर केला आणि माइक येईपर्यंत उभीसुद्धा राहिले.

"मी डायरेक्टरची आई," मी इंग्रजीत म्हणाले. टाळ्या पडल्या. "एक सुधारणा आहे. सबटायटल चुकलंय. आमच्या भाषेत निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही, ते अशुभ. सगळे 'येतो'च म्हणतात. तो शब्द देणं नव्हे, ती नुसती रीत आहे. माझ्या वडिलांनी कुठलाही शब्द दिला नव्हता." आणि एवढ्यावर थांबायचं सोडून मी पुढे म्हणाले, "माझ्या मुलीला ती रीत अजून जमत नाही. ती अजून 'जाते'च म्हणते."

लोक प्रेमाने हसले. मुलगी हसली नाही.

"शी इज राइट," ती म्हणाली. पुढे तिने सांगितलं, येतो म्हणजे निरोप, हे तिला मराठी शाळेत कळलं तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. तोपर्यंत वाट बघून झाली होती. आबा येणार म्हणून ती गॅरेजमध्ये बसायची, आणि मोठ्यांना वाटायचं तिला तिची तीनचाकी आवडते. "सबटायटल त्या मुलीचं आहे, आजोबांचं नाही. तिला जे ऐकू आलं ते मी लिहिलं." आणि माझ्याकडे न बघता तिने शेवटचं सांगितलं. जो शब्द पाळता येईल की नाही माहीत नाही तो निघताना कुणाला द्यायचा नाही, असं तिने लहानपणीच ठरवलं होतं. "म्हणून मी जाते म्हणते. आईला वाटतं माझं मराठी कच्चं आहे."

मी अजून उभीच होते. हातात माइक होता आणि तो कुणाला द्यायचा ते कळेना. काकूंनी पदराला धरून मला खाली बसवलं. मला इतकी लाज वाटली की पैठणीच्या आत अंग आखडून गेलं. आपल्या पोरीला चारचौघांत खोटं पाडायला मी गेले होते. आणि तिचं ते गॅरेजमध्ये बसणं मी किती पार्ट्यांत विनोद म्हणून सांगितलंय. 'आमच्या कन्येला एवढं मोठं घर सोडून गॅरेजच आवडायचं' म्हणत मी लोकांना हसवायचे. तेव्हा ती तिथेच, सोफ्याच्या कडेला बसलेली असायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला विमानतळावर मीच सोडायला गेले. नवरा येतो म्हणाला, मी नको म्हटलं. हायवेला लागल्यावर मी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस कधी?"

"तू विचारलं नाहीस, आई. तू करेक्ट केलंस."

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला भांडता आलं असतं. मी "हो" म्हटलं आणि लेन बदलली.

"काल मी बोलायला नको होतं," थोड्या वेळाने मी म्हणाले.

"इट्स ओके."

"ओके नाहीये. मला लाज वाटतेय."

ती खिडकीबाहेर बघत होती. "चड्डीची?" तिने विचारलं.

"नाही गं, माझी."

तिने माझ्या गिअरवरच्या हातावर हात ठेवला आणि टर्मिनल येईपर्यंत काढला नाही.

गाडीतून बॅग उतरवून ती फुटपाथवर उभी राहिली. "जाते, आई," म्हणाली. माझ्या जिभेवर ते वाक्य आपोआप आलं. मी ते गिळलं. "परत कधी?" हेही विचारलं नाही, कारण तिला माहीत असतं तर तिने सांगितलंच असतं. मी म्हटलं, "जा." उभ्या जन्मात निघणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदा 'जा' म्हटलं. ती परत आली, तिने मला घट्ट मिठी मारली आणि मग ती गेली.

घरी आले, गॅरेजचं दार वर गेलं आणि गाडीच्या दिव्यांत रॅकवर पांढरे बूट दिसले. तिने बॅगेतून परत आणले होते आणि मला न सांगता होते तिथेच ठेवले होते. जागा आहे म्हणून आहेत, असं मी तिला सांगितलं होतं. पण जागा आम्हाला कधीच पुरलेली नाही. याच गॅरेजमधून मी तिची तीनचाकी दिली, पाळणा दिला, नवऱ्याची स्कीसुद्धा न विचारता देऊन टाकली. दर वर्षी दानाची खोकी भरताना बूट हातात घ्यायचे आणि परत रॅकवर ठेवायचे.

इंजिन बंद करून मी पायरीवर बसले. आबा निघताना माझ्याकडे वळूनही "येतो गं" म्हणाले होते, आणि मी "या" म्हटलं होतं. त्या शब्दाचा अर्थ मला पक्का ठाऊक होता. काल मी तो भरल्या थिएटरला समजावून सांगितला. दार उघडंच होतं, समोरचा रस्ता दिसत होता, आणि मला ते लावून घ्यावंसं वाटेना.