कपाटांवरची नावं

समजा, कपाटांच्या दारांवर कोरलेली नावं तुम्ही हात भरून येईपर्यंत रंधा मारून साफ केलीत. आणि काही वर्षांनी कुणी सांगितलं, त्याच दारांवर पुन्हा नावं कोरा. सुरुवात कुठून कराल?

मिस्त्री सध्या हेच करताहेत. या इमारतीत मुलींचं वसतिगृह होतं, तेव्हा ते कामाला लागले. खोली सोडताना मुली कपाटाच्या दारावर आतून नाव कोरून जायच्या. अधीक्षिका ओरडायच्या, आणि कोरायचं कर्कटक त्यांच्याच टेबलावरून पळवलं जायचं. मग वसतिगृह बंद झालं, विमा कंपनीचं ऑफिस आलं. साहेबांना दारं गुळगुळीत हवी होती. आता ऑफिस जाऊन हॉटेल होतंय.

"पाहुण्यांना जुनं वसतिगृह वाटलं पाहिजे," मॅनेजर म्हणाला. "नावं कोरा."

"होती की! तुम्हीच घासायला लावलीत."

"आम्ही नाही हो, आधीच्यांनी."

"रंधा माझाच होता," मिस्त्री म्हणाले. "कुणाची कोरू?"

"कुणाचीही. कोण बघायला येतंय?"

ते 'कुणाचीही' मिस्त्रींच्या डोक्यातून जाईना. घर लांब गावात. ते स्वतः इथल्या तळघरात झोपायचे, सुट्टीला घरी जायचे. मुलीला इथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, आणि त्याच वर्षी वसतिगृहाला टाळं लागलं. रोजच्या बसप्रवासाने ती मेटाकुटीला आली. पहिलं वर्षही पुरं झालं नाही. आता औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते.

सुट्टीला घरी गेल्यावर त्यांनी विषय काढला. "एका दारावर तुझं नाव कोरतो."

"कशाला बाबा? मी तिथे एक रात्र तरी झोपलेय का?"

"बाकीच्या कुठे झोपल्यात? नावं मनानेच रचून कोरतोय."

"मग माझंही कोरा की," बायको आतून म्हणाली. "मी तर शाळेतही झोपाच काढल्या."

तिघंही हसले. मग मुलगी दिवसभर उभं राहून दुखणारे आपले पाय चेपत म्हणाली, "खोट्या नावांत मला नका बसवू, बाबा."

आता शेवटचं कपाट उरलंय. खांदा दुखतोय. मॅनेजरने दोनदा हाक मारली. मिस्त्री पटाशी मांडीवर ठेवून बसलेत. शेजारी पॉलिश करणाऱ्याला त्यांनी विचारलं,

"प्रवेश माझ्या मुलीला खरंच मिळाला होता. खोली तेवढी मिळाली नाही. मग तिचं नाव खऱ्यात धरायचं की खोट्यात?"